‘बा’ म्हणजे बाप, आई की ‘ये’?

तुमचा प्रश्न असा: साताऱ्याकडं ‘बा’ म्हणजे बाप, गुजरातीत आई आणि जतच्या कानडी घरात ‘बा’ म्हटलं की ‘ये’. मग मूळ एकच का?

एक नाही. कानडी ‘बा’ तर पूर्ण वेगळ्या कुळातला.

आपला ‘बा’ बापाच्या घरातला, प्राकृतात ‘बप्प’. विठोबा, पालीचा खंडोबा यांच्या नावातला आदराचा ‘बा’ही तोच, आणि ‘नको रे बा’ मधलाही. गुजराती ‘बा’ (कस्तुरबांच्या नावातला) आईचा. पोर बोलायला लागतं तेव्हा ओठ मिटून उघडले की ब, प, म आपोआप निघतात, आणि आईबाप ते आपल्याला लावून घेतात. कुठं ते आईला लागतं, कुठं बापाला. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई! भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये हेच कारण सविस्तर मांडलं. म्हणून भाषांचं नातं ठरवताना असले पाळण्यातले शब्द पुरावा म्हणून आधी बाजूला काढायचे.

कानडी ‘बा’ हे क्रियापद आहे. तो तपासायचा तर नुसता आवाज जुळवू नका, शेजारच्या बहिणभाषा काढा. तमिळमध्ये ‘ये’ला ‘वा’ म्हणतात. आता आणखी जोड्या बघा: तोंड तमिळ ‘वाय्’, कानडी ‘बायि’, चांदी ‘वेळ्ळि’, ‘बेळ्ळि’, केळ ‘वाऴै’, ‘बाळे’. शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या ‘व’चा कानडीत ‘ब’ झाला, तोही ओळीनं. असा नियम तीन-चार शब्दांत लागू पडला की मगच नातं धरायचं. तेलुगूत ‘ये’ला ‘रा’ म्हणतात. कानाला लांबचा वाटला तरी धातू हाच.

आणखी एक ‘बा’ मराठीत आहेच, पण तो शब्दाच्या सुरुवातीला चिकटतो म्हणून लक्षात येत नाही: बाकायदा. हा फारसी, अर्थ ‘सह’. मध्य फारसीत तो ‘अबाग’ होता, झिजून ‘बा’ उरला.

लोक चुकतात ते इथंच. आज दोन शब्द सारखे दिसतात म्हणून कालही सारखे होते असं धरतात. चिनी मँडरिनमध्ये ‘बा’ म्हणजे आठ, पण दक्षिण चीनमधल्या कँटनीजमध्ये त्याच आठाला ‘बात’ म्हणतात. म्हणजे मँडरिननं शेवटचं व्यंजन गाळलंय. प्राचीन इजिप्तचा ‘बा’ (माणसाचं डोकं असलेल्या पक्ष्याच्या रूपात दाखवलेला आत्मा) तर अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला उच्चार आहे, कारण त्या लिपीत स्वर लिहीतच नसत. एक व्यंजन आणि एक स्वर एवढ्या तोकड्या शब्दाची गाठ हजारो भाषांत कुठं ना कुठं पडणारच.

उलट खरे नातलग ओळखू येत नाहीत. व्हिएतनामीत ‘बा’ म्हणजे तीन, आणि दक्षिणेकडं बापालाही ‘बा’च म्हणतात. त्यातला बाप आपल्या ‘बा’चा कुणी नाही. तीनचा मात्र भाऊबंद भारतात आहे, झारखंडच्या संताळीतला ‘पे’.