पहिलं पान बाजूला ठेव, आधी डमी बांध

प्रश्न: ताई, मी इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. सबमिशनला १२ आठवडे राहिलेत. दोन प्रोजेक्ट आहेत. एक ३२ पानांचं चित्रपुस्तक, पान २१ सेंटिमीटर चौकोनी. एका मुलीची बकरी हरवते आणि ती तिला शोधत निघते, अशी गोष्ट. दुसरं म्हणजे मासिकातल्या लेखांसाठी पाच चित्रं. पुस्तकाचं पहिलं स्प्रेड, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांचं चित्र, मी सहा वेळा रंगवलं. दर वेळी मुलीचा चेहरा बदलतो आणि आकाशाच्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या थराला, डाग पडतात. गाइड सर बघतात आणि ‘अजून बघ’ म्हणतात. वर्गातली बाकीची मुलं टॅबलेटवर भराभर पुढे गेलीत. मला स्वतःची स्टाइलच नाही असं वाटायला लागलंय. जलरंग सोडून डिजिटलकडे वळू का? ज्युरीसमोर, म्हणजे शेवटच्या परीक्षकांसमोर, उभं राहायच्या विचारानेच घशाला कोरड पडते.

उत्तर: एकच चित्र सहा वेळा रंगवणाऱ्या मुलीकडे चिकाटी कमी नाही, हे आधी लक्षात घे. तुझ्या पत्रात मला अडचण दिसते ती कामाच्या क्रमात. चेहरा कसा, मुलगी पानावर कुठे, आकाश किती, रंग कोणते, ब्रश कसा फिरवायचा, हे सगळे निर्णय तू एकाच वेळी आणि थेट शेवटच्या कागदावर घेतेयस. तिथे कुणाचाही हात कापेल. हे निर्णय सुटे कर, एकेक करून साध्या कागदावर उरकून टाक. मग चांगल्या कागदावर फक्त रंगवायचं काम उरेल. तुझ्या वॉशचे डागही बहुतेक यातूनच आलेत, ते पुढे सांगते.

आज त्या पहिल्या स्प्रेडला हात लावू नकोस. एक ए३ कागद घे आणि त्यावर ८ बाय ४ सेंटिमीटरच्या १५ चौकटी आखून प्रत्येकीच्या मधोमध उभी रेघ मार. ३२ पानांच्या पुस्तकात पान १ आणि पान ३२ एकेकटी असतात, मधली ३० पानं म्हणजे १५ स्प्रेड. त्यातलं पान २-३ चं स्प्रेड नाव आणि प्रकाशनाच्या तपशिलात जातं. गोष्टीसाठी हातात राहतात १४ स्प्रेड आणि शेवटचं एक पान. (३२ हा आकडा छपाईतून आलाय. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापून घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो. दोन फर्म्यांचं पुस्तक ३२ पानांचं.) या चौकटींत, म्हणजे थंबनेलमध्ये, जाड पेन्सिलीने किंवा मार्करने काम कर, म्हणजे चेहरा रंगवत बसायची सोयच राहणार नाही. मुलगी, बकरी, क्षितिज आणि मजकुराची जागा, एवढंच. प्रत्येक चौकटीला तीन-चार मिनिटं पुरतात. सगळ्या १५ झाल्या की कागद भिंतीवर लाव आणि चार पावलं मागे जाऊन बघ. मुलगी सलग पाच चौकटींत एकाच मापाची, एकाच उंचीवरून दिसत असेल, तर पुस्तक कंटाळवाणं होणार हे तुला तिथेच कळेल आणि तिथेच दुरुस्त करता येईल.

मग डमी, म्हणजे हाताने बांधलेला पुस्तकाचा कच्चा नमुना. आठ कोरे ए४ कागद मध्ये दुमडून एकात एक घातले की ३२ पानं होतात. ती चौकोनी काप, मध्ये दोन स्टेपल मार, थंबनेल मोठी करून आत चिकटव आणि मजकूर हाताने लिही. आता पान उलटण्याचा विचार करता येईल. उजव्या पानावर वाचणाऱ्याला पुढे ओढणारं काहीतरी हवं: झुडपामागून दिसणारं शेपटीचं टोक, मुलीची कडेबाहेर गेलेली नजर. बकरी सापडते ती पान उलटल्यावरच दिसायला हवी, म्हणजे तिची जागा डाव्या पानापासून सुरू होणाऱ्या नव्या स्प्रेडवर. डमी हातात धरल्यावर मधली शिवणही जाणवते. पाठीला गोंद लावून बांधलेलं पुस्तक पूर्ण उघडत नाही, म्हणून मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर चेहरा, हात आणि अक्षर ठेवू नकोस.

ही डमी पाच-सहा वर्षांच्या एखाद्या मुलाला दाखव. मजकूर वाचून दाखवू नकोस. ‘इथे काय चाललंय?’ एवढंच विचार आणि गप्प बस. मूल ‘बकरी पळाली’ म्हणालं तर ते स्प्रेड उभं आहे. ‘मुलगी खेळतेय’ म्हणालं तर चित्रात गोष्ट पोचलेली नाही, आणि कितीही सुंदर रंगवलंस तरी पोचणार नाही. माझ्या मते शेवटच्या वर्षातली ही सगळ्यात उपयोगी परीक्षा, आणि तीच बहुतेक जण टाळतात.

चेहरा बदलतो त्याचं कारण साधं आहे: तो तू अजून ठरवलेलाच नाहीस. एका कागदावर मुलगी समोरून, पाऊण बाजूने, बाजूने आणि पाठीमागून उभी कर, चारही एकाच जमिनीच्या रेघेवर. डोकी मोज, म्हणजे पूर्ण उंचीत डोकं किती वेळा बसतं ते बघ. लहान मूल साधारण चार ते पाच डोकी उंच काढतात. तू चार ठरवलंस तर सगळीकडे चारच. मग तीन-चार नियम शब्दांत लिहून ठेव: डोळे डोक्याच्या निम्म्याच्या खाली, दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याइतकं अंतर, वेणी तिच्या उजव्या खांद्यावर, फ्रॉक गुडघ्याच्या वर. त्यानंतर तीन-तीन सेंटिमीटरची वीस डोकी काढ: रडताना, ओरडताना, वर बघताना, दमलेली. पहिली आठ-दहा वेगवेगळी दिसतील. पुढे हाताला ती मुलगी ओळखीची होत जाते. एक आकृती नुसती काळी भरूनही बघ. सावलीवरून ती ओळखू आली पाहिजे. आणि दूरच्या दृश्यात चेहरा सेंटिमीटरभर झाला की डोळ्यांचे दोन ठिपके पुरे. तिथे पापण्या काढायला गेलीस तर पुन्हा दुसरीच मुलगी उभी राहील.

रंगाआधी उजेड-अंधार. प्रत्येक थंबनेल फक्त तीन छटांत कर: पांढरा, मधला करडा, काळपट. रंगीत चाचणी झाली की फोनवर तिचा फोटो काढून कृष्णधवल कर. तपकिरी बकरी आणि हिरवं झुडूप रंगांत वेगळे दिसले तरी करड्यात एकच होतात, आणि मग बकरी पानावर हरवते, गोष्टीत हरवायच्या आधीच. रंग पाचच घे: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लाल, एक पिवळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणातून सगळे करडे मिळतात, आणि पूर्ण पुस्तकाला आपोआप एक सूर येतो.

आता डाग. वॉशला दातेरी कडांचे डाग पडतात ते कागद अर्धवट वाळलेला असताना त्याच्यापेक्षा ओला ब्रश लागल्यामुळे. जादा पाणी पसरतं आणि रंगाचे कण ढकलत कडेला नेऊन ठेवतं. कागद तिरका धरून त्याची चमक बघ. चमक आहे तोवर रंग सोडता येतो. चमक गेली की हात मागे, पूर्ण वाळेपर्यंत. मात्र ढगाळ, ठिपक्याठिपक्यांचे डाग असतील तर कारण वेगळं आहे. जलरंगाच्या कागदावर सायझिंग असतं, रंगाला लगेच आत शोषू न देणारा थर. सहा वेळा चेहरा खोडलास की तो थर घासला जातो आणि त्या जागी रंग खोल मुरून काळपट होतो. म्हणून चित्र आधी साध्या कागदावर पूर्ण ठरव, मग ट्रेसिंग पेपरच्या मागे मऊ पेन्सिल घासून किंवा लाइट बॉक्सवर अंधाऱ्या खोलीत चांगल्या कागदावर उतरव. खोडरबराला तिथे काम उरत नाही. कागद ३०० जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनापेक्षा) हलका असेल तर तो भिजवून, गोंदपट्टीने फळीवर ताणून रात्रभर वाळव, नाहीतर फुगवट्याच्या खळग्यांत पाणी साचतं.

मूळ चित्राचं माप छापील पानाच्या १२० टक्के ठेव. ४२ बाय २१ चं स्प्रेड मूळ चित्रात ५०.४ बाय २५.२ सेंटिमीटर होईल, आणि चारही बाजूंना ४ मिलिमीटर जास्त रंगव, म्हणजे छापताना ३ मिलिमीटरचा ब्लीड, कडेला कापून जाणारा जादा भाग, निघेल. ५६ बाय ७६ च्या शीटच्या अर्ध्यात हे बसतं.

रंगवायला सुरुवात मधल्या एखाद्या स्प्रेडपासून कर. पान १४-१५ चं घे, जिथे मुलगी मध्यम मापाची आहे, थोडी पार्श्वभूमी आहे आणि गोष्टीचा कळसही नाही. मुखपृष्ठ आणि पहिलं स्प्रेड सगळ्यात शेवटी. तोवर हात बसलेला असतो, आणि ज्युरीची नजर आधी तिथेच जाते.

स्टाइलचं म्हणशील तर नवी शोधायला निघू नकोस. स्केचबुकांतून तुला स्वतःला आवडणारी वीस चित्रं काढ आणि प्रत्येकाखाली लिही: हत्यार कोणतं, रेघ तुटक की सलग, पार्श्वभूमी भरलेली की मोकळी. ज्या गोष्टी पाच-सहा वेळा आल्या असतील त्या तुझ्या आहेत. त्यातल्या दोन-तीन या पुस्तकाचे नियम म्हणून घे.

डिजिटलकडे आता वळू नकोस. माध्यम वाईट आहे म्हणून नव्हे. ठरवायच्या गोष्टी तिथेही तेवढ्याच आहेत, आणि एक पाऊल मागे न्यायची सोय असल्याने तुझ्यासारखीला एकच चेहरा साठ वेळा बदलता येईल. टॅबलेट चाचणीसाठी मात्र जरूर वापर. पेन्सिल चित्र स्कॅन करून त्यावर तीन रंगयोजना तासाभरात करून बघता येतात. वर्गातल्या मुलांची तुला पूर्ण झालेली पानं दिसतात. त्यांची डमी तयार आहे का, हे तुला माहीत नाही.

‘अजून बघ’ या उत्तरावर काहीच करता येत नाही, हे खरं. पण समोर एकच चित्र ठेवून ‘कसं झालंय?’ विचारलं की असंच उत्तर येतं. सरांकडे एकाच स्प्रेडच्या दोन रचना घेऊन जा आणि नेमकं विचार: ‘सर, यातल्या कुठल्या चित्रात ती एकटी पडल्यासारखी वाटते?’ ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत तिथेच लिही. पुढच्या भेटीत आधी ते वाक्य दाखव, मग बदललेलं चित्र. पटलं नसेल तर ‘हे मी तसंच ठेवलं, कारण…’ असं सांगायला लाजू नकोस. त्याच वहीत तुझे स्वतःचे निर्णयही तारीख घालून लिहीत जा, कारणासकट. रात्री अकरा वाजता सगळंच चुकलंय असं वाटेल, तेव्हा नवीन कागद काढायच्या आधी ही वही उघड. ‘क्षितिज खाली घेतलं, कारण तिला लहान दाखवायचंय’ हे तुझ्याच अक्षरात वाचलं की पाय जमिनीवर येतात.

मासिकाच्या चित्रांवर थोडक्यात. लेख वाचून त्याचा सारांश एका वाक्यात लिही आणि त्या वाक्यासाठी तीन वेगवेगळ्या कल्पना काढ. एकाच कल्पनेच्या तीन आवृत्त्या नकोत. चित्र सहा सेंटिमीटर रुंदीचं करून बघ. तेवढ्यात कळलं नाही तर त्यात सामान जास्त झालंय.

वेळेचा हिशेब असा बसेल. पहिला आठवडा थंबनेल आणि डमी, दुसरा मुलगी, बकरी आणि सुधारलेली डमी, तिसरा उजेड-अंधार आणि रंग, चौथ्यात पान १४-१५ चं मधलं स्प्रेड. पाचव्यापासून नवव्यापर्यंत दर आठवड्याला दोन-तीन स्प्रेड आणि मासिकाचं एक चित्र; शीर्षकाचं आणि शेवटचं पान याच काळात कडेकडेने, आणि मुखपृष्ठासाठी नवव्याचा शेवट राख. दहावा स्कॅनिंग आणि मजकूर, अकरावा छपाईची चाचणी. बारावा रिकामा ठेव, तो भरणारच आहे.

स्कॅन करताना यंत्राची आपोआप सुधारणा बंद कर, नाहीतर आकाशाचा फिका वॉश पांढरा होऊन जातो. रिझोल्यूशन ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. ए३ च्या काचेवर चित्र दोन भागांत घ्यावं लागेल. भाग एकमेकांवर किमान पाच सेंटिमीटर चढू दे आणि दुसऱ्या भागासाठी कागद उलटा फिरवू नकोस. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, त्यामुळे कागदाच्या पोताची सावली उलटते आणि जोड दिसतो. मजकूर वेगळ्या लेयरवर आणि फक्त काळ्या शाईत ठेव. छपाईच्या चार शाया (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) मिळून केलेला काळा छपाईत जरा सरकला की अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोड, आणि ती जागा थंबनेलमध्येच धरलेली असू दे. अल्ट्रामरीनचा चमकदार निळा चार शायांत मंदावतो, याची तयारी ठेव. बिनगुळगुळीत कागदावर मधल्या छटा आणखी काळवंडतात. म्हणून पूर्ण पुस्तक छापायच्या आधी पाच स्प्रेडच्या पाच-पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या एकाच पानावर, त्याच कागदावर छापून घे.

ज्युरीला जाताना तयार पुस्तक, पहिली डमी आणि थंबनेलचा तो ए३ कागद सोबत ने. आत गेल्यावर बोलायच्या आधी पुस्तक त्यांच्या हातात दे. सगळ्यांचे डोळे पानांकडे वळतात आणि तुला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पाच मिनिटांचं बोलणं तयार कर: पुस्तक कुणासाठी आहे, मुलगी अशी का दिसते, आणि डमी ते पुस्तक या प्रवासात बदललेलं एक स्प्रेड, आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून. हे मैत्रिणीसमोर मोठ्याने, घड्याळ लावून म्हणून बघ. एखाद्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही तर निर्णयांची वही उघडून शोधलंस तरी चालतं.

आणि सगळं झालं की १४ स्प्रेडमधून पाच निवडून ठेव. इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात चित्रकारांचं प्रदर्शन भरतं, त्यासाठी पाचच चित्रं मागवतात. निवडताना पाचही शेजारी मांड आणि मुलगी पाचही ठिकाणी तीच आहे ना, ते तपासून घे.