अ‍ॅमरिलिसचा कंद कुंडीत लावताना

कंद पूर्ण पुरू नका, नवखे बहुतेक इथेच चुकतात. मान आणि वरचा निदान एक तृतीयांश भाग मातीबाहेर हवा. मानेत पाणी साचलं की कंद आतून सडतो, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

जानेवारी-फेब्रुवारीत लावा. सहा-सात सेंटिमीटर जाडीचा, दाबून टणक लागणारा कंद घ्या. कुंडी कंदापेक्षा सगळीकडून दोन-तीन बोटंच मोठी असावी. मोठ्या कुंडीतली माती उगाच ओली राहते. दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू. लावल्यावर एकदा पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा.

फुलं सुकली की दांडा कापा, पानं मात्र अजिबात कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जिवावरच कंदात तयार होतं. म्हणून पावसाळाभर उन्हात ठेवा, महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत घाला, पाणी तुंबू देऊ नका. नोव्हेंबरपासून आठ-दहा आठवडे पाणी तोडा. ही विश्रांती चुकली की बरेचदा नुसती पानंच येत राहतात.

कंदाच्या बाजूला येणारी पिल्लं, म्हणजे छोटे कंद, वेगळी केलीत तर फुलायला दोन-तीन वर्षं लागतील. पावसाळ्यात काळ्या ठिपकेदार अळ्या पानं फस्त करत कंदापर्यंत पोचतात. रोज पानांची खालची बाजू बघा, हातानेच वेचा. कंद विषारी असतो, मांजर-कुत्र्यांपासून जपा.