तिला तिसऱ्यांदा नीटला बसवू नका

प्रश्न : माझं नागपूरला इतवारीत दुकान आहे, घर नंदनवनला. मुलगी दोनदा नीटला बसली, पण सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क पडले नाहीत. तिसऱ्यांदा बसवायचं ठरवलं आहे. लक्ष लागावं म्हणून मोबाइल काढून घेतला आणि खोलीत कॅमेरा लावला, दुकानातून बघता येतं. रात्री रडते, पण ते वयाचं असतं. आजीची केमो सुरू झाल्यापासून अल्ट्रासाउंड आणि बुडबुड्यांनी कॅन्सरचं औषध पोचवायचं खूळ डोक्यात घेतलंय. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. बारावीला गणितही होतं. अगदीच नाही तर सोनोग्राफी टेक्निशियनचा कोर्स करू द्यावा का? तिला समजवा.

उत्तर : भाऊ, तो कॅमेरा आज संध्याकाळीच काढा. मार्कांचं नंतर बोलू.

दुकानात चोरीची भीती असते म्हणून कॅमेरा लागतो. मुलीच्या खोलीत तुम्हाला कशाची भीती आहे? तिला कपडे बदलायचे असतात, रडायचं असतं, नुसतं भिंतीकडे बघत बसायचं असतं. वयात आलेल्या लेकीवर बाप गल्ल्यावर बसून नजर ठेवतो, याला मी काळजी म्हणणार नाही. ‘रात्री रडते’ हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, मला मात्र सगळ्या पत्रात तीच ओळ टोचली. ती जेवते का? झोपते का? मैत्रिणींशी बोलणं उरलंय का? जगण्यात अर्थ नाही असं काही तिच्या तोंडून निघालं असेल, तर एक दिवसही न थांबता मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तिच्या मोबाइलमध्ये तो असायला हवा, म्हणजे आधी मोबाइल परत द्या.

आणि ‘बसवायचं ठरवलं आहे’ म्हणता, पण ठरवणारे तुम्ही आणि बसणार ती. तिला विचारल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही.

आता ते पान. वेळ वाया घालवते याचा पुरावा म्हणून तुम्ही ते पाठवलंत. त्यावर तिने रक्तातली सात मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबडी पेशी काढली आहे, शेजारी तीन मायक्रॉनचा बुडबुडा, आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय, ‘बुडबुडा फुटला तर शीर फाटणार नाही का?’ हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या विषयातल्या शास्त्रज्ञांनाही याचंच उत्तर शोधावं लागतं. चरबीसारख्या पदार्थाच्या पातळ आवरणात जड वायू भरलेले हे बुडबुडे हाताच्या शिरेतून देतात. हृदयाची, यकृताची सोनोग्राफी स्पष्ट दिसावी म्हणून ते आधीपासून वापरात आहेतच. गाठीवर ध्वनिलहरी सोडल्या की बुडबुडा सेकंदाला लाखो वेळा आकसतो, फुगतो. त्याने रक्तवाहिनीची भिंत थोडी सैल होते आणि तिथे औषध जास्त झिरपतं. दाब बेताचा असेल तर बुडबुडा नुसता धडधडतो. दाब वाढला तर तो जोरात कोसळतो आणि बारीक वाहिनीला इजा होऊ शकते. म्हणजे तिची शंका अगदी बरोबर आहे.

तुमचा गैरसमज असा, की कॅन्सरवर काम करायला डॉक्टरच व्हावं लागतं, नाहीतर टेक्निशियन. २०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात मेंदूच्या गाठीपर्यंत केमोचं औषध पोचावं म्हणून रक्तातलं औषध मेंदूत शिरू न देणारा तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीचा अडसर याच पद्धतीने तात्पुरता उघडला गेला. त्यामागे ज्यांचं अनेक वर्षांचं संशोधन होतं, ते कुलेर्व्हो हिनिनेन भौतिकशास्त्रज्ञ आहेत. ध्वनीचा दाब मोजायचा भौतिकशास्त्राने, आवरण घडवायचं रसायनशास्त्र आणि फार्मसीने, यंत्र बनवायचं इलेक्ट्रॉनिक्सने. पेशंटजवळ डॉक्टर लागतोच, पण हे काम त्याच्या एकट्याचं नाही. सोनोग्राफी टेक्निशियनच्या कोर्सचं म्हणाल, तर आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी पात्र डॉक्टरनेच करायची असते. त्या सर्टिफिकेटवर तिला स्वतंत्रपणे मशीन हाताळता येणार नाही. पैसे भरण्याआधी हे नीट समजून घ्या.

वाटा नेहमीच्याच आहेत : बी.एस्सी. फिजिक्स करून जॅम या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी., किंवा एमएचटी-सीईटीतून बी.फार्म. अथवा इलेक्ट्रॉनिक्स. मी तिला फिजिक्स सुचवेन. गणित आहे, आणि तिचा प्रश्नही तिकडचाच आहे. सिव्हिल लाइन्सच्या विज्ञान संस्थेत तिला सोबत घेऊन जा, तिथल्या शिक्षकांशी तिलाच बोलू द्या. संशोधनात लवकर पैसा नसतो, पीएच.डी.पर्यंत दहा-एक वर्षं सहज जातात. हे तिलाही सांगा, पण घाबरवण्यासाठी नको.

आजींबद्दल : ही पद्धत अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे. त्यांची केमो डॉक्टर सांगतील तशीच चालू ठेवा, बुडबुड्यांच्या आशेने कुठे धावू नका.

पुढचं पत्र मात्र तिचं येऊ द्या, आणि ते तुम्ही आधी वाचू नका.