फाइली उडवल्या तरी स्टोरेज फुल्लच कसं?

प्रश्न : सर, आमचं इचलकरंजीत छोटं ऑफिस आहे. 1 टीबी एसएसडीवर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून चार व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, चालवतो, प्रत्येकाला 300 जीबीची डिस्क दिलीय. परवा सकाळी टॅलीचा व्हीएम अडकला, पिवळा त्रिकोण आणि स्टेटसला आयओ-एरर, म्हणजे डिस्कवर लिहिता-वाचता येत नाहीये. बघतो तर लोकल-एलव्हीएम, म्हणजे व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा, 100 टक्के भरलेली. कॅमेरा रेकॉर्डिंगच्या व्हीएममधून 200 जीबी जुन्या फाइली उडवल्या, तिथे जागा मोकळी दिसते पण प्रॉक्समॉक्समधला आकडा हलतच नाहीये. व्हेंडर म्हणतो 2 टीबी घ्या. घेऊ का?

उत्तर : थांबा, पैसे नंतर घालवू. चार गुणिले 300 म्हणजे 1200 जीबी, आणि प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर 1 टीबीतून थिन पूलला, म्हणजे त्याच लोकल-एलव्हीएमला, देतो साधारण 800. म्हणजे आठशे पानांचा स्वयंपाक करून बाराशे लोकांना आवतण दिलंय, सगळे एकदम जेवायला येत नाहीत तोवर चालतं. यालाच थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात, त्यात चूक काही नाही, फक्त पंगतीकडे लक्ष ठेवायला कुणीतरी हवं.

आता मुख्य गोम. व्हीएममध्ये फाइल डिलीट केली की तिथली फाइल सिस्टीम आपल्या वहीत "जागा मोकळी" लिहिते, पण खालच्या पूलला ते कुणी सांगतच नाही. सांगायचं काम ट्रिम नावाच्या सूचनेचं, आणि ते खाली पोचायला व्हीएमच्या हार्ड डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डची टिक लागते, जी बाय डिफॉल्ट नसते. टिक करा आणि व्हीएम पूर्ण शटडाउन करून परत चालू करा, आतून रीस्टार्ट मारलात तर सेटिंग लागत नाही, इथे भले भले फसतात. मग लिनक्स असेल तर आत रूटने एफएसट्रिम मायनस एव्ही (fstrim -av) चालवा, विंडोज असेल तर ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये जाऊन ऑप्टिमाइझ दाबा. प्रॉक्समॉक्सवर एलव्हीएस (lvs) कमांड मारून बघा, डेटाचा टक्का डोळ्यांदेखत उतरतो, बघायला मजा येते खरं तर.

पण टॅलीचा व्हीएम आत्ता अडकलाय, त्याला आधी श्वास द्या. इन्स्टॉलर मोठ्या डिस्कवर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे पूल ज्या जागेतून काढलाय तिथे, 16 जीबी राखून ठेवतो, व्हीजीएस (vgs) कमांडमध्ये व्हीफ्री खाली दिसेल. त्यातले 10 जीबी एलव्हीएक्सटेंड (lvextend) कमांडने पूलला द्या, पण जपून, पूल मोठा करता येतो, परत लहान करता येत नाही. एलव्हीएसमध्ये शेजारीच मेटाचा, म्हणजे पूलच्या स्वतःच्या हिशेबवहीचा, टक्का असतो, तोही बघा, डेटात जागा असून मेटा भरला तरी पूल बसतो आणि ते दुखणं जास्त वाईट, उरलेले थोडे जीबी त्यासाठीच शिल्लक असू द्यात.

अजून एक, कुठे जुने स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती, पडलेत का? अपडेटच्या आधी घेतो आणि विसरतो आपण. स्नॅपशॉटने धरलेले ब्लॉक ट्रिमने सुटत नाहीत, तो स्नॅपशॉटच काढावा लागतो. आणि त्याला बॅकअप समजत असाल तर तो त्याच एसएसडीवर आहे हो, एसएसडी गेली की दोन्ही गेले.

एवढं करून आकडा 70च्या आसपास आला तर 2 टीबीचं राहू द्या. त्यापेक्षा कमी पैशात एक साधी हार्डडिस्क घ्या आणि रोज रात्रीचा बॅकअप तिच्यावर लावा.