वाऱ्याची सावली

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहिल्या. समुद्रात तर ना डोंगर ना झाड. मग तिथेही त्या इतक्या लांब लांब का उभ्या करतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्याकडे कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा, तो लगेच सांगेल! पुढच्या चक्कीने वाऱ्यातली ताकद काढून घेतली की मागे मंद, घुसळलेली हवा उरते. इंजिनिअर तिला ‘वेक’ म्हणतात; आपण वाऱ्याची सावली म्हणू.

मोकळा समुद्रच इथे आडवा येतो. जमिनीवर खडबडीतपणा आणि उन्हाने तापलेली हवा यांमुळे वारा ढवळला जातो, ही सावली लवकर पुसली जाते. समुद्रावर ती लांबवर टिकते. मी डॅनिश संशोधक येन्सन यांच्या १९८३च्या साध्या सूत्राने वहीत गणित मांडलं. पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या सातपट अंतरावर वाऱ्याचा वेग जमिनीवर सुमारे १३ टक्के, तर समुद्रात सुमारे २३ टक्के कमी निघाला. वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून समुद्रातल्या मागच्या चक्कीला निम्म्याहून कमी वीज! अर्थात, वारा नेमका रांगेतून आला तरच. आणि जोरदार वाऱ्यात हा फरक जाणवत नाही.

हे सूत्र ढोबळच. हवेचे थर, चक्कीची तिरकी तोंडं, शेजारचा प्रकल्प हे सगळं धरायला मोठे संगणक लागतात. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या पवनचक्की प्रकल्पाचा २००८चा फोटो मात्र जरूर शोधा : धुक्यात प्रत्येक चक्कीमागे पांढरं शेपूट दिसतं.