स्मार्ट बल्ब ऑफलाइन जातो कारण कुणीतरी बटण बंद करतं: उपाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलमध्ये आणि जिन्यात स्मार्ट बल्ब लावले, पण सासूबाई झोपताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतात आणि मोबाइलवर बल्ब ‘ऑफलाइन’ दिसतो. मग बटणावर चिकटपट्टी लावावी का?

चिकटपट्टी अजिबात लावू नका. बटण बंद झालं की बल्बची फेज तुटते, आतल्या वाय-फायला वीजच मिळत नाही. चूक सासूबाईंची नाही. अंधारात कुणाचाही हात आधी भिंतीकडेच जातो, आणि ते बटण चाललंच पाहिजे. म्हणून साधे एलईडी बल्ब लावा आणि बोर्डात बटणामागे रिले मॉड्यूल, म्हणजे वाय-फायवर चालणारा छोटा स्विच, बसवा. त्याची वीज भिंतीवरच्या बटणाने तुटत नाही, म्हणून बटण आणि मोबाइल दोन्ही चालतात.

काम इलेक्ट्रिशियनकडून, एमसीबी पाडूनच करून घ्या. मॉड्यूलला फेजबरोबर न्यूट्रलही (विजेची परतीची वायर) लागते. हॉलच्या बोर्डात सॉकेट असेल तर ती तिथेच मिळते. जिन्याच्या बोर्डात बहुधा नसते, तिथे वायर ओढावी लागते. ती त्याच सर्किटची हवी. दुसऱ्या आरसीसीबीवरची (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) न्यूट्रल उसनी घेतली तर आरसीसीबी ट्रिप होऊ शकेल.

जिन्यात दोन टू-वे बटणं असतात, म्हणजे एकच दिवा वरूनही आणि खालूनही चालतो. खालच्या बटणाच्या कॉमनला (तीनपैकी सामाईक टर्मिनल) फेज, दोन्ही बटणांमध्ये दोन वायरी, आणि वरच्या कॉमनची वायर आता बल्बऐवजी मॉड्यूलच्या एस-टर्मिनलला (बटण जोडायची जागा). बल्ब मॉड्यूलच्या आउटपुटवर. मात्र आधी मॉड्यूलवरचा जोडणीचा नकाशा वाचा: काहींच्या एस-टर्मिनलला फेज चालते, काहींना नुसतं एस-१ आणि एस-२ जोडणारं बटण लागतं. दुसऱ्या प्रकाराला फेज दिलीत तर मॉड्यूल जळेल. तिथे दोन्ही कॉमन एस-१ आणि एस-२ला जातात, फेज बटणांपर्यंत येतच नाही.

आता ॲप. बटणाचा प्रकार ‘एज’ निवडा, म्हणजे बटण वर असो वा खाली, प्रत्येक दाबण्याला दिव्याची स्थिती उलटते. नाहीतर मोबाइलवरून लावलेला दिवा बंद करायला बटण दोनदा दाबावं लागतं, आणि घरातल्यांचा विश्वास तिथेच उडतो. वीज परत आल्यावरची स्थिती ‘आधीची’ ठेवा, नाहीतर काही मॉड्यूल मध्यरात्री लाइट आल्यावर सगळे दिवे लावून ठेवतात.

ॲपचा पासवर्ड वाटू नका. घरच्यांना ॲपमधून सदस्य म्हणून आमंत्रण द्या. हालचाल ओळखणारा सेन्सर जिन्यात ठीक, हॉलमध्ये नको. स्वस्त सेन्सरला फक्त हालचाल कळते. सासूबाई शांत बसून पोथी वाचत असतील तर दिवा मध्येच जाईल. ठेवायचाच असेल तर नियम असा करा की हाताने लावलेला दिवा सेन्सरने विझवायचा नाही.

काढलेले स्मार्ट बल्ब टेबललॅम्पला वापरा. आणि बोर्डाचा डबा लोखंडी असेल तर मॉड्यूल तळाशी दाबू नका, पुढच्या प्लास्टिक प्लेटच्या जवळ ठेवा. लोखंडाआड वाय-फाय कमजोर पडतं.