हवेतला वायू प्रकाशाने कसा मोजतात?

प्रश्न : ऐरोलीतील आमचे कार्यालय चोवीस तास चालते. बैठकीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड दाखवणारे छोटे यंत्र लावले आहे. त्यात रसायन नाही, तरी फुंकर मारताच आकडा चढतो, तो कसा? शिवाय अलीकडे खोली माणसांनी भरली तरी ते ६०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग) पुढे का जात नाही?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हे यंत्र वायू थेट मोजत नाही, तर वाटेत किती प्रकाश गिळला गेला ते पाहते. आतल्या छिद्रे असलेल्या नळीच्या एका टोकाला लुकलुकणारा इवलासा दिवा आणि दुसऱ्या टोकाला संवेदक असतो. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड) प्रकाश शोषून कंप पावतात. म्हणून संवेदकापुढे नेमकी तीच तरंगलांबी सोडणारी गाळणी बसवतात. पुष्कळ यंत्रांत शेजारीच ३.९ मायक्रोमीटरच्या आसपासची दुसरी गाळणी असते. तिथे हवेतील घटक प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत, त्यामुळे दिवा जुना झाला किंवा धूळ साचली तर दोन्हीकडचा प्रकाश सारखाच घटतो आणि त्यांच्या गुणोत्तरात फारसा फरक पडत नाही. वायू दुप्पट झाला म्हणून प्रकाशातली घट दुप्पट होत नाही. हा हिशेब यंत्रातील चिप बिअर-लँबर्ट नियमाच्या, म्हणजे वायूच्या प्रमाणानुसार किती प्रकाश शोषला जाईल हे सांगणाऱ्या नियमाच्या, आधारे करते. उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतो, तेव्हा तुमच्या फुंकरीने आकडा उसळणारच.

नळाच्या गॅसमधला मिथेन ३.३ मायक्रोमीटरला असाच पकडता येतो. क्लोरीनची गळती मात्र या पद्धतीने कळत नाही, कारण नायट्रोजन आणि ऑक्सिजनप्रमाणेच त्याच्याही रेणूत दोन्ही अणू एकाच जातीचे असून तो अवरक्त प्रकाश शोषत नाही.

आता तुमचा ६०० चा आकडा. मला संशय आहे तो यंत्राच्या स्वयंचलित दुरुस्तीचा. अशी अनेक यंत्रे आठवडाभरातील सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, असे धरून तो आकडा ४०० वर आणून ठेवतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या शाळेत हे गृहीतक चालून जाते. पण तुमची खोली कधीच मोकळी होत नसेल आणि तिथली किमान पातळीच ८०० असेल, तर यंत्र तिलाच ४०० समजते आणि प्रत्यक्षातले १,००० तुम्हाला ६०० दिसतात. माहितीपुस्तिकेत सोय दिलेली असल्यास ही दुरुस्ती बंद करावी, यंत्र गच्चीवर मोकळ्या हवेत वीसेक मिनिटे ठेवावे आणि स्वतः दूर उभे राहून हाताने शून्यांकन करावे, म्हणजे बाहेरच्या हवेची पातळी यंत्राला आधार म्हणून द्यावी. बाहेरच्या हवेतही आज ४२० पीपीएमहून थोडे अधिकच असतात. पावसाळ्यात यंत्र एसीच्या थेट झोताखाली लावू नये, कारण नळीत दव धरले की थेंब प्रकाश अडवतात आणि वाचन भरकटते.